बेपत्ता जोडीदाराचा पत्ता अर्जदाराकडे मागू नका

प्रति,
कुटुंब न्यायालयांचे माननीय न्यायाधीश,
आणि या न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करणारे माननीय उच्च न्यायालय

विषय : जोडीदाराचा ठावठिकाणा लागत नसताना दाखल होणारे घटस्फोटाचे अर्ज

सविनय नमस्कार,

मी विधी स्वयंसेविका म्हणून काम करते. वकील नाही. अर्ज वाचून दाखवणं, कोणता कागद कोणत्या टेबलावर द्यायचा ते सांगणं, तारखेला सोबत बसणं, एवढं माझं काम. न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्यांच्याबरोबर मी ताटकळत बसते त्यांच्यातल्या काही जणांबद्दल कुठेच फारसं बोललं जात नाही. त्यांना घटस्फोट हवा आहे, त्यासाठी कायद्यात बसणारं कारण आहे, विरोध करायला समोर कोणी उभंही नाही. तरी अर्ज पुढे सरकत नाही, कारण नवरा किंवा बायको सध्या कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

क्रम ठरलेला असतो. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर समन्स निघतं. काही आठवड्यांनी 'सदर इसम येथे राहत नाही' असा बेलिफाचा, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा, शेरा घेऊन ते परत येतं. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद होते : अर्जदाराने सामनेवाल्याचा (म्हणजे समोरच्या पक्षाचा) नवीन पत्ता दाखल करावा. आणि पुढची तारीख पडते.

ही नोंद झाल्यावर बाई बाहेर पडते आणि नवऱ्याच्या जुन्या मालकाकडे जाते. तो म्हणतो, सोडून गेलेल्या कामगाराची माहिती आम्ही देत नाही. बँकेत जाते, तिथे खातेदाराची माहिती गोपनीय. मोबाईल कंपनीकडे जाते, तिथेही तेच. पोलीस सांगतात, सज्ञान माणूस स्वतःच्या पायाने गेलाय, हा तुमचा घरगुती मामला आहे. सगळीकडून निघताना कानावर पडणारं वाक्य मात्र एकच असतं : कोर्टाचा आदेश आणा. ज्यांच्याकडे पत्ता आहे ते आदेश मागतात आणि ज्यांना आदेश देता येतो ते पत्ता मागतात. हे पत्र त्या गाठीबद्दल आहे.

त्याआधी सात वर्षांबद्दल लिहायला हवं, कारण या एका गैरसमजात लोकांचं तारुण्य जातं. नवरा निघून गेला की नातेवाईक सांगतात, सात वर्षं थांब, मग आपोआप मोकळी होशील. क्वचित वकिलांकडूनही हाच सल्ला मिळतो. आपोआप काहीच होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ मध्ये सात वर्षं जोडीदार जिवंत असल्याचं ऐकिवात नसणं हे घटस्फोटाचं एक कारण आहे. तसंच ते विशेष विवाह कायद्यात, पारशी विवाह कायद्यात आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही आहे. पण कारण असणं वेगळं आणि हुकूम मिळणं वेगळं. सात वर्षांनंतर माणूस मृत धरण्याचं जे गृहीतक पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे, ते न्यायालयात प्रश्न उभा राहिला तरच लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. घरी बसून वर्षं मोजली म्हणून लग्न संपत नाही.

यातला धोका फार थोड्यांना माहीत असतो. सात वर्षं काहीच कळलं नाही म्हणून कोणी हुकुमाशिवाय दुसरं लग्न केलं, आणि नव्या जोडीदाराला सगळी हकिगत आधी सांगितलेली असली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मधल्या अपवादामुळे तो गुन्हा ठरत नाही. पण पहिला जोडीदार जिवंत निघाला तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ते दुसरं लग्न मुळातच अवैध ठरतं. शिक्षेतून सुटका होते आणि संसार मात्र कायद्याच्या नजरेत उरत नाही. अशा कुटुंबावर काय ओढवतं हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दुसरी गोष्ट अशी, की बहुतेकांना सात वर्षं थांबण्याची गरजच नसते. मुद्दाम सोडून जाणं म्हणजे परित्याग, आणि त्यासाठी अर्जाआधीची सलग दोन वर्षं पुरतात. पण परित्यागात जाणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. तो संसार कायमचा मोडायच्या इराद्याने गेला, हे दाखवावं लागतं. म्हणून व्हरांड्यात भेटणारी माणसं दोन प्रकारची असतात आणि त्यांचे प्रश्न एक नसतात. काहींचा जोडीदार खरोखर बेपत्ता असतो. कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही, मनाचं आजारपण होतं, किंवा घातपाताची शंका आहे. त्यांच्याकडे मिसिंगची तक्रार असते आणि मनात अजून आशाही असते. इतरांचा जोडीदार कुठेतरी व्यवस्थित जगत असतो. सणाला आईला फोन करतो, भावाच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो येतो, फक्त पत्ता लपवतो. इथे सात वर्षांचं कारण लागूच पडत नाही, कारण तो जिवंत असल्याचं सगळ्यांना माहीत आहे. इथे परित्यागाचा अर्ज हवा आणि अडतं ते समन्सच्या बजावणीपाशी.

या दोघांना आपण एकाच पद्धतीने हाताळतो. दोघांनाही 'नवीन पत्ता द्या' हाच आदेश होतो, आणि बऱ्याच तारखांनंतर दोघांनाही पर्यायी बजावणीची परवानगी मिळते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० मध्ये ही पर्यायी बजावणी आहे. सामनेवाला समन्स टाळतोय किंवा नेहमीच्या मार्गाने त्याला ते पोहोचवता येत नाही अशी न्यायालयाची खात्री झाली, की समन्सची प्रत न्यायालयाच्या इमारतीत आणि त्याच्या शेवटच्या राहत्या घरावर ठळक जागी चिकटवायची, किंवा तो शेवटी राहत होता त्या भागात वाचलं जाणारं दैनिक निवडून त्यात जाहीर नोटीस द्यायची. नियम शहाणपणाने लिहिलेला आहे. प्रत्यक्षात काय होतं? घर भाड्याचं असतं आणि तिथे आता तिसरंच कुटुंब राहतं. नोटीस अशा दैनिकात छापली जाते जे त्या भागात कोणाच्या घरी येत नाही, कारण अर्जदाराला तेच परवडतं. मग कात्रण आणि प्रतिज्ञापत्र दाखल होतं, अर्ज एकतर्फी चालतो आणि हुकूम होतो. सामनेवाल्याला काही कळलं असेल असं त्या खोलीत कोणालाही वाटत नसतं.

इतकं करून हाती आलेला हुकूम किती पक्का असतो? मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे एकतर्फी हुकूम रद्द करून घेण्यासाठी तीस दिवस असतात. समन्स रीतसर बजावलं गेलं असेल तर ते हुकुमापासून मोजतात, नाहीतर हुकूम झाल्याचं कळल्या दिवसापासून. आणि त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की आदेश ५, नियम २० खालची पर्यायी बजावणी यासाठी रीतसर बजावणी मानायची नाही. म्हणजे अपिलाची नव्वद दिवसांची मुदत उलटल्यावर तिने कायद्याला धरून पुन्हा लग्न केलं, आणि काही वर्षांनी तो उगवून म्हणाला की मला आत्ताच कळलं, तर त्याच्या अर्जाची मुदत तिथून सुरू होते. अर्ज मान्य होईलच असं नाही. सामनेवाल्याला तारखेची माहिती होती अशी न्यायालयाची खात्री पटली, तर केवळ बजावणीतल्या त्रुटीसाठी हुकूम रद्द करता येत नाही. पण ही खात्री पटावी असं काही प्रकरणात असायला तर हवं. तिथे एक कात्रण असतं.

या कारणाने मी आपल्याकडे सवलत मागत नाही. बजावणीचे नियम सैल करा असं तर अजिबात म्हणत नाही, कारण याच नियमांच्या दुसऱ्या टोकाला मी तितक्याच दुःखी बायकांना भेटले आहे. नवऱ्याने अर्जात तिचा पत्ता जाणूनबुजून चुकीचा घातला, माहेरचा पत्ता ठाऊक असून जुन्या खोलीचा दिला, नोटीस कुठल्यातरी कोपऱ्यात छापून आणली आणि एकतर्फी हुकूम पदरात पाडून घेतला. तिला घटस्फोट झाल्याचं कळलं ते पोटगीसाठी गेल्यावर, किंवा त्याच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका कोणीतरी दाखवल्यावर. पर्यायी बजावणी आणखी सोपी केली तर उद्या अशा बायकांची संख्या वाढेल. मला हवा आहे तो कमी शोध नव्हे. एकदाच, नीट आणि न्यायालयाच्या अधिकाराने घेतलेला शोध हवा आहे.

तो अधिकार आपल्याकडे आजही आहे. नोकरी देणाऱ्याला, बँकेला, भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाला कागद हजर करण्याचं समन्स दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली काढता येतं. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १४ प्रमाणे, वाद मिटवायला उपयोगी पडेल असा कोणताही अहवाल किंवा माहिती, ती एरवी पुरावा कायद्यात बसो वा न बसो, आपण विचारात घेऊ शकता. कलम २१ प्रमाणे उच्च न्यायालयाला या न्यायालयांसाठी नियम करता येतात. आधारची नोंद तेवढी वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती उघड करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापेक्षा खालच्या पातळीवर देता येत नाही. पण आधारपर्यंत जाण्याची वेळ फार थोड्या प्रकरणांत यावी. माणूस पगार घेतो, खातं वापरतो, मोबाईल रिचार्ज करतो.

न्यायालयानेच शोध घ्यावा यासाठी माझ्याकडचं सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. पत्ता लपवणारा प्रत्येक जण जबाबदारीतून पळालेला नसतो. मार खाऊन, जीव मुठीत धरून निघून गेलेली बाईसुद्धा नवऱ्याच्या अर्जात 'बेपत्ता पत्नी'च असते. त्याने घटस्फोटाच्या नावाखाली तिचा माग काढावा आणि आपल्या आदेशाने त्याला तिचं नवं घर सापडावं, हे कोणालाच नको असेल. आज 'पत्ता तुम्हीच आणा' असं सांगून आपण नकळत त्याला तिच्या मागावर पाठवतो. तेच न्यायालयाने कार्यालयांकडून पत्ता बंद पाकिटात मागवला, बेलिफाला किंवा जवळच्या न्यायालयाला परस्पर दिला आणि अर्जदाराला फक्त 'बजावणी झाली' एवढंच कळवलं, तर तिला तिची बाजू मांडायला मिळेल आणि ठिकाणही उघड होणार नाही. पत्नीला आपण राहतो तिथेच अर्ज करता यावा यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. त्यामागची काळजी हीच होती. ती बजावणीपर्यंत पोहोचलेली नाही.

आता नातेवाइकांबद्दल. बेलिफ दाराशी गेला की सासू म्हणते, आम्हाला काही ठाऊक नाही, आमचा त्याच्याशी संबंध तुटला. बेलिफ ते लिहून घेतो आणि परततो. वास्तविक पत्ता असतो तो याच घरात. दाराशी बोलणं आणि शपथेवर बोलणं यांत फार फरक पडतो, हे आपण रोज अनुभवता. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ ने हे फार पूर्वी ओळखलं. त्या कायद्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर पत्नीला विवाह संपवून मागता येतो. पण अर्जात नवऱ्याच्या वारसांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, त्यांना नोटीस काढावी लागते आणि त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. त्याचा चुलता आणि भाऊ असतील तर वारस नसले तरी त्यांना पक्षकार करावं लागतं. हुकूम सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा आला आणि नांदवायला तयार आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर तो रद्द होतो. त्यानंतर सोळा वर्षांनी आलेल्या हिंदू विवाह कायद्यात मुदत सात वर्षांची ठेवली गेली आणि घरच्यांना विचारण्याची अशी सक्ती मात्र कुठेच नाही. माझ्या मते १९३९ ची रचना जास्त माणुसकीची आहे : मुदत लहान, विचारपूस पक्की, आणि परतणाऱ्यासाठी ठरावीक काळ उघडं ठेवलेलं दार. मुदत बदलणं संसदेचं काम आहे. पण आई-वडिलांना किंवा भावंडांना साक्षीसमन्स काढून 'त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, कोणत्या नंबरवर' एवढं शपथेवर विचारायला नवा कायदा लागत नाही.

नंबर मिळाला तर त्याचाही उपयोग व्हायला हवा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली, कारण ती पोहोचल्याचं आणि उघडून पाहिल्याचं दिसत होतं. २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयानेही ई-मेलसोबत अशा माध्यमातून बजावणीला मुभा दिली. एवढं होऊनही घटस्फोटाच्या अर्जात हा मार्ग वापरायचा की नाही हे ज्या त्या न्यायालयावर सोडलेलं दिसतं. एके ठिकाणी चालतो, दुसरीकडे अर्जाकडे बघतही नाहीत. कोणी न वाचलेल्या कात्रणापेक्षा वाचल्याची खूण उमटलेला संदेश सामनेवाल्यालाही जास्त न्याय देणारा आहे.

आणि वेळ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २१ ब मध्ये अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. पण हे सहा महिने सामनेवाल्याला नोटीस बजावल्यापासून मोजायचे आहेत. म्हणजे ज्यांची बजावणी होत नाही त्यांच्यासाठी ते घड्याळ सुरूच होत नाही. शोधासाठी वेगळी कालमर्यादा नेमून देणं म्हणूनच गरजेचं आहे.

कोणी म्हणेल, नवरा तर नाहीच आहे, मग कागदावरच्या लग्नाने काय बिघडतं? दुसरं लग्न करायचं नसलं तरी बिघडतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिच्या मुलांच्या बरोबरीने नवराही वारस असतो. जो वर्षानुवर्षं फिरकला नाही, ज्याने एक फी भरली नाही, त्याचा तिने कष्टाने घेतलेल्या घरात हिस्सा उभा राहतो. मुलांच्या बाबतीत, वडील गैरहजर किंवा उदासीन असतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं. तरी खिडकीवर अजून वडिलांची सही मागतात आणि तिला प्रत्येक वेळी तीच कहाणी परक्या माणसासमोर सांगावी लागते. माझ्या ओळखीतल्या काही बायकांनी या एका त्रासासाठी अर्ज केला होता. पुन्हा लग्नाचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

माझी विनंती अशी. पहिलं समन्स 'राहत नाही' म्हणून परत आलं, की अर्जदाराला नवीन पत्ता आणायला न सांगता तिच्याकडून एक सविस्तर प्रतिज्ञापत्र घ्यावं : शेवटची भेट, शेवटचा फोन, नोकरी, बँक, नातेवाईक, मित्र, समाजमाध्यमांवरची खाती, मिसिंगची तक्रार. खोटी माहिती दिल्यास होणारी कारवाई त्यात ठळकपणे लिहिलेली असावी, म्हणजे मुद्दाम चुकीचा पत्ता देणाऱ्यालाही जरब बसेल. त्याच तारखेला न्यायालयाने कार्यालयांना आणि नातेवाइकांना समन्स काढावीत आणि उत्तरासाठी पक्की मुदत द्यावी. जिथे माणूस खरोखर हरवल्याची शक्यता आहे तिथे पोलिसांकडून तपासाचा लेखी अहवाल मागवावा, त्यात बेवारस मृतदेहांच्या नोंदी तपासल्या का हेही असावं. अशा घरातल्या लोकांना निदान एक सरकारी उत्तर तरी मिळेल. आणि शेवटी जाहीर नोटीस द्यावीच लागली, तर दैनिक कोणतं हे न्यायालयाने ठरवावं. महिलांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत मदतीचा हक्क आहे, तेव्हा त्यांच्या नोटिशीचा खर्च प्राधिकरणाने उचलावा.

हुकूम लिहिताना काय काय शोधलं, कोणाला विचारलं, काय उत्तर आलं, हे त्यातच नोंदवावं, एवढी आणखी एक विनंती. पुढे कधी तो येऊन 'मला माहीतच नव्हतं' म्हणाला, तर त्या अर्जावर निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांपुढे कात्रणापलीकडेही काही असेल.

सात वर्षांची मुदत आणि अनुच्छेद १२३ चं स्पष्टीकरण यांत बदल करणं आपल्या हातात नाही, म्हणून या पत्राची प्रत केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाला पाठवत आहे. बाकी सगळं नियमांत आणि रोजनाम्यात करता येण्यासारखं आहे.

आपली नम्र,
एक विधी स्वयंसेविका